नातवासाठी नोकरी सोडावी, घर विकावं?

प्रश्न: मी ६२ वर्षांचा, सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त. पत्नी ५५ वर्षांची, कराडच्या एका सहकारी बँकेत क्लार्क, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. मुलगा-सून दोघंही हिंजवडीत आयटीत, राहायला वाकडला. नातू पंधरा महिन्यांचा. गेले चार महिने आम्ही आलटून पालटून जातो, पण पत्नीच्या रजा संपल्या. विचार असा आहे की तिने मार्चअखेर नोकरी सोडावी, कराडचं घर विकावं (५५ लाख येतील), त्यातले ४० लाख मुलाला मोठ्या फ्लॅटसाठी द्यावेत आणि आम्ही कायमचं पुण्याला जावं. तिचीही ना नाही. मुलगी कोल्हापूरला असते, तिचं काही मागणं नाही. योग्य आहे का?

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे. खाली सगळे आकडे नीट मांडलेत, अगदी वाकडच्या पाळणाघराच्या फीसकट. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाचं पत्र आहे हे लगेच कळतं. त्यामुळे माझं काम सोपं झालं. फक्त दोन जागी मी अडखळलो. पत्नीबद्दल तुम्ही लिहिलंय, "तिचीही ना नाही." मुलीबद्दल, "तिचं काही मागणं नाही." सगळ्या बेतात सर्वांत जास्त सोडणार आहेत त्या या दोघी, आणि दोघींचं मत पत्रात आलंय ते "नाही" या एका शब्दापुरतं. त्याकडे पुन्हा येतो.

आधी नोकरी. वहिनींच्या हातात महिना ३८,००० येतात असं तुम्ही लिहिलंय. पण नोकरी सोडली की फक्त ३८,००० जात नाहीत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३०,००० आहेत. त्यावर त्यांचे १२ टक्के म्हणजे ३,६०० पीएफमध्ये जातात आणि बँकेचे तेवढेच, त्यातले १,२५० पेन्शन फंडात आणि २,३५० पीएफमध्ये. म्हणजे खात्यात दरमहा ५,९५० पडतात. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे वर्षाला १७,३०० च्या आसपास, महिन्याला १,४४०. बेरीज साधारण ४५,४०० रुपये महिना. तीन वर्षांचे १६ लाख ३४ हजार, आणि पीएफवरचं व्याज वेगळं.

त्या पेन्शन फंडातून मिळणारी, म्हणजे ईपीएस-९५ ची पेन्शन वयाच्या ५८ ला सुरू होते. आधी सुरू केली तर दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात आणि ती कपात कायमची राहते. पन्नाशीनंतर नोकरी सोडणारे बरेच जण पहिल्याच महिन्यात पेन्शनचा अर्ज करून मोकळे होतात, म्हणून सांगून ठेवलं.

आता समोरची बाजू बघा. पाळणाघराची पूर्ण दिवसाची फी १४,०००, अर्ध्या दिवसाची ८,००० असं तुमच्या सूनबाईंनी काढलंय. म्हणजे घराच्या एका खिशात १४,००० वाचावेत म्हणून दुसऱ्या खिशातून ४५,००० जाणार. आजीच्या मांडीची किंमत पाळणाघराच्या फीशी लावायची नसते, हे मला मान्य आहे. माझी मुलगी दोन वर्षांची असताना माझी आई आमच्याकडे ठाण्याला राहिली होती. दुपारच्या झोपेच्या वेळी तिने गायलेल्या ओव्या मुलीला अजून येतात. त्याचा हिशोब माझ्या कुठल्याच एक्सेल शीटमध्ये बसत नाही. पण ४५,००० सोडून ती मांडी द्यायची तर ते ठरवून द्यावं. रजा संपल्या म्हणून द्यायची वेळ येऊ नये.

यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही पत्रात कंसात टाकलीय. "मेडिक्लेम पत्नीच्या बँकेतून दोघांना आहे." मग मार्चनंतर तो कुणालाच राहणार नाही. तुम्हाला नऊ वर्षं मधुमेह आहे. आज नवी पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. आता गंमत बघा: तीन वर्षांची वाट आणि वहिनींची तीन वर्षांची नोकरी. बँकेचं कवच चालू असतानाच दोघांची वैयक्तिक पॉलिसी घेतलीत, तर वहिनी निवृत्त होतील त्या सुमाराला तुमच्या मधुमेहाची वाट संपलेली असेल. अर्जात मधुमेह लिहाच, लपवू नका. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा हप्ता हलका. किमान दहा लाखांचं कवच घ्या. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी मार्चमधला राजीनामा थांबवीन.

आता घर. ५५ लाखांतले ५५ लाख तुमच्या हातात येत नाहीत. २००३ मध्ये सहा लाखांत बांधलेलं घर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, नफ्यावर १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. तुमच्या आकड्यांवर पहिला स्वस्त पडतो, तरी कर सहा लाखांच्या आसपास बसतो. हा कर नव्या घरात पैसे गुंतवून वाचवता येतो, हे तुम्हाला कुणीतरी बरोबर सांगितलंय. पुढचं सांगितलेलं दिसत नाही: नवं घर विकणाऱ्याच्या नावावर हवं. तुम्ही पैसे मुलाला बक्षीस दिले आणि फ्लॅट मुला-सुनेच्या नावावर झाला, तर मुलाला त्या बक्षिसावर कर नाही हे खरं, पण तुमचा कर मात्र तसाच राहतो. दलाली, कर आणि ४० लाख वजा जाता तुमच्याकडे आठेक लाख उरतील. कराडला घर नसेल आणि वाकडच्या फ्लॅटच्या कागदावर तुमचं नावही नसेल.

मुलावर अविश्वास म्हणून हे म्हणत नाही. पण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी तरतूद करावी लागली की, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने त्याच कलमाखाली निकाल दिला. ही वेळ तुमच्यावर येईल असं मला अजिबात वाटत नाही. जास्त शक्यता साध्या गोष्टींची आहे. मुलाला बंगळुरूची किंवा परदेशातली नोकरी लागेल. सूनबाईंची आई आजारी पडेल. किंवा तुम्हालाच दोन वर्षांत बाराव्या मजल्याचा कंटाळा येईल.

आणि नातू. तो पावणेदोन वर्षांनी तीन पूर्ण करेल, नर्सरीत जाईल आणि सकाळचे तीन-चार तास घराबाहेर असेल. पहिलीत गेला की दिवसाचा बराच वेळ शाळेत. म्हणजे तुमची पूर्ण दिवसाची गरज आहे दोनेक वर्षांची. दोन वर्षांच्या गरजेसाठी बावीस वर्षांचं घर मोडू नका.

मोठी जागा खरोखर लागली तर तिचाही तात्पुरता मार्ग आहे, आणि त्याचे आकडे तुमच्याच पत्रात आहेत. मुलाच्याच सोसायटीत दोन खोल्या-हॉलचं भाडं २८,०००, तीन खोल्या-हॉलचं ४२,०००. मुलाने स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्यावा आणि मोठा भाड्याने घ्यावा. फरक १४,०००, तीन वर्षांचे पाच लाख. लिव्ह अँड लायसन्स करार मात्र रीतसर नोंदवा, ओळखीत आहे म्हणून तोंडी ठेवू नका. आणि पुढेमागे मोठा फ्लॅट घ्यायचाच असं ठरलं, तर तुमचे पैसे जेवढे, तेवढ्या हिश्शाने तुम्हा दोघांची नावं करारनाम्यात हवीत. त्याने तुमचा भांडवली नफ्याचा करही त्या हिश्शापुरता वाचतो. कर्ज देणारी बँक बहुधा तुम्हालाही सहकर्जदार करायला लावेल, आणि ६२ व्या वर्षी तिथे मुदतीचा प्रश्न येतो. ते आधीच विचारून घ्या.

आता मला जे सुचतं ते. वाचून हसाल, पण सांगतो.

नातवाला सांभाळायला आजीने नोकरी सोडायची, हा बेत मांडणारे आजोबा स्वतः चार वर्षं घरी आहेत. तुम्ही लिहिलंय, "मी गेलो की त्याला खाली बागेत फिरवून आणतो, बाकी काय." बाकी पुष्कळ आहे. भरवणं, दुपारी झोपवणं, ओली चड्डी बदलणं, ताप आला तर डॉक्टरकडे नेणं. ही कामं आजोबांना येत नाहीत असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. तुम्ही वाकडला राहा. सकाळी नऊ ते एक नातू पाळणाघरात, ८,००० मध्ये. तेवढ्या वेळात तुमचं चालणं, औषध, पेपर. एक वाजता त्याला घेऊन या, वरणभात भरवा, झोपवा, संध्याकाळी बाग. साडेसहा-सातला आई-बाबांपैकी एक जण घरी. दहा किलोचं पळतं पोर दिवसभर धरून ठेवणं बासष्टीत झेपत नाही, म्हणून अर्ध्या दिवसाचं पाळणाघर मी मुद्दाम ठेवलंय. एकटे तुम्हीच तिथे असाल तर सध्याची जागाही पुरते.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी वहिनींच्या बँकेला सुट्टी असते. त्या शुक्रवारी संध्याकाळी कराडहून निघतील. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. बाकीच्या शनिवार-रविवारी तुम्ही कराडला या. वहिनी कराडला एकट्या कशा राहतील, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. तो त्यांनाच विचारा. मला वाटतं, उत्तर ऐकून तुम्हाला थोडं वाईट वाटेल.

सूनबाईंनी कंपनीच्या एचआरकडे एक गोष्ट विचारावी. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत ते आलं, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाऊ द्यावं लागतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रोज बाळाला नेणं-आणणं मला तरी सुचणार नाही, पण तुम्हाला ताप आला त्या दिवशी सोय म्हणून उपयोगी पडेल.

पैशांची गोष्ट मुलाशी मोकळेपणाने बोला. नातवाला सांभाळायचे पैसे घ्यायचे का, असा प्रश्न कुणी विचारला तर तुम्ही चिडाल, मीही चिडेन. पण गेल्या चार महिन्यांत दूध, फळं, खेळणी, औषधं आणि ये-जा मिळून तुमचे ४१,००० खर्च झाले, हे तुमच्याच वहीत आहे. तुमची पेन्शन २,९०० आहे. मुलाने घरखर्चासाठी महिना दहा-बारा हजार तुमच्या खात्यात टाकावेत आणि तुम्ही त्यातून खर्च करावा. मुलाने आई-वडिलांना दिलेल्या रकमेवर कर नसतो.

पतसंस्थेतल्या नऊ लाखांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी सांगतो. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमचे २२ लाख आहेत, मर्यादा ३० लाखांची. मुदत संपेल तसे आठ लाख तिथे हलवा. साडेनऊऐवजी ८.२ टक्के मिळतील, म्हणजे वर्षाला १०,४०० कमी. बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात उभ्या असलेल्या एखाद्या ठेवीदाराला विचारा, हे महाग आहे का. तीस लाख झाले की दर तिमाहीला ६१,५०० येतील, म्हणजे महिना २०,५००. उरलेला एक लाख बचत खात्यात, हाताशी.

आता ते दोन "नाही". घराचा प्लॉट वहिनींच्या आणि तुमच्या दोघांच्या नावावर आहे, म्हणजे विक्रीला त्यांची सही लागेलच. सहीच्या आधी त्यांना हा सोळा लाखांचा आकडा दाखवा आणि शांतपणे विचारा की तुला काय करायचंय. त्या म्हणाल्या की मला नोकरी पुरे झाली, नातवाजवळच राहायचंय, तर माझं वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. मेडिक्लेम तेवढा आधी घ्या आणि खुशाल राजीनामा द्या. तुमच्या गंगाजळीवर सोळा लाखांचा खड्डा पडेल, पण घर राहिलं तर तो सोसता येईल. मुलीला मात्र कोल्हापूरला जाऊन समोर बसून सांगा. स्वकष्टाचं घर आहे, कायद्याने तुम्हाला हवं तसं करता येतं. पण चाळीस लाख भावाला गेल्याचं तिला गृहप्रवेशाच्या पत्रिकेतून कळू नये. आणि दोघांचं मृत्युपत्र करा, ते अजून झालेलं दिसत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की नातवाच्या नावाने पीपीएफ काढू का. आई-वडील हयात असताना आजी-आजोबांना नातवाचं पीपीएफ खातं उघडता येत नाही. मुलाला उघडू द्या, पैसे तुम्ही द्या. मुलाचं स्वतःचं आणि हे, दोन्ही मिळून वर्षाला दीड लाखांची मर्यादा लागू होते, तेवढं त्याला सांगून ठेवा. पण मेडिक्लेमचा पहिला हप्ता गेल्यावर. सुरुवातीला महिना हजार रुपये पुरेत.