अमेरिकेत शिकल्यासवरलेल्या कृष्णवर्णीयांकडेही स्वतःचं घर कमी का? शिक्षणाने फरक मिटत नाही का?

थोडा कमी होतो, मिटत नाही.

मी डेट्रॉईटजवळ राहतो. शहराच्या उत्तर टोकाला, एट माईल रोडपाशी, सहा फूट उंच आणि साधारण अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत आहे. १९४१ साली एका बिल्डरने बांधलेली. त्याला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून सरकारी कर्जहमी मिळेना. मध्ये भिंत घातली, मंजुरी मिळाली. आता मैदानाच्या बाजूने तिच्यावर रंगीत चित्रं आहेत.

तेव्हा हमीवर घेतलेली घरं पुढे मुलांच्या कॉलेजला, नातवंडांच्या डाउन पेमेंटला कामी आली. घरांच्या व्यवहारात वंशभेदाला देशभर कायद्याने बंदी आली थेट १९६८ मध्ये. पलीकडच्या कितीतरी लोकांची उमर तोवर भाड्यात गेली होती.

माझा एक कृष्णवर्णीय सहकारी आहे. हुद्दा तोच, पगार जवळपास तोच. मी तेहेतिसाव्या वर्षी घर घेतलं, त्याने चव्वेचाळिसाव्या. माझं इंजिनिअरिंग पुण्यात झालं, फी बाबांनी भरली आणि डाउन पेमेंटला कमी पडले तेव्हा त्यांनीच एफडी मोडली. (मंडळाच्या गणपतीत कुणी ‘मेहनत केली की घर होतंच’ म्हणालं की मला ती एफडी आठवते.) त्याच्या डोक्यावर कॉलेजचं कर्ज होतं, शिवाय पहिल्या पगारापासून आईचं घरभाडं तोच भरायचा. घराच्या किमतीच्या २० टक्के रोख जमली नाही, म्हणून कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणाऱ्या विम्याचा भुर्दंड वेगळा. दोघांचंही कर्ज ३० वर्षांचं. म्हणजे माझं त्रेसष्टाव्या वर्षी फिटेल, त्याचं चौऱ्याहत्तराव्या.

आकड्यांत सांगायचं तर गोऱ्यांमध्ये शंभरातल्या साधारण ७३ कुटुंबांचं स्वतःचं घर आहे, कृष्णवर्णीयांत ४५च्या आसपास. अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासात तर कृष्णवर्णीय पदवीधरांचं प्रमाण हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्यांपेक्षा कमी निघालं. त्यात घेतलेलं घर टिकतंच असंही नाही. सबप्राइम, म्हणजे पत कमी धरून चढ्या व्याजाने दिलेली महागडी कर्जं कृष्णवर्णीयांच्या गळ्यात जास्त मारली गेली होती, त्यामुळे २००८च्या घरबाजाराच्या पडझडीत जप्तीही त्यांच्यावरच जास्त आली.

सहकाऱ्याची मुलगी यंदा कॉलेजला गेली. घरावर कर्ज काढावं इतकं मुद्दल अजून फिटलेलं नाही, म्हणून तिनेही स्टुडंट लोन घेतलंय.