मिशिगनमध्ये घरात पिस्तूल आहे, मुलं १४ आणि ६ वर्षांची. दुकानातून मिळालेलं केबलचं कुलूप पुरेसं आहे का?

तुम्ही लिहिलंय की नोव्हायला राहता, मिस्टरांनी गेल्या महिन्यात नाइन एमएम पिस्तूल घेतलं, दुकानदारानं सोबत केबलचं कुलूप दिलं, आणि मे महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. केबलवर भागेल की बोटाच्या ठशानं उघडणारी पेटी घ्यावी, आणि कायदा नेमकं काय म्हणतो, हे तुम्हाला हवंय.

केबल नीट लावली असेल तर कायद्यापुरतं भागतं. पण तुमच्या घरासाठी मी तिच्यावर थांबणार नाही. का, ते सविस्तर सांगते, कारण हीच चूक मी केलेली आहे.

मी याच ओकलंड काउंटीत बावीस वर्षं राहतेय. २०२० साली आम्ही पिस्तूल घेतलं. नवरा महिन्यातून पंधरा दिवस फिरतीवर असायचा, त्यामुळे नेमबाजीच्या रेंजवर जाऊन चालवायला शिकले ती मीच. केबल लावून पिस्तूल पलंगाशेजारच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर बर्फ, प्रत्येकीचा जाडजूड कोट. खालच्या कपाटात मावेनात म्हणून कोट आमच्या बेडरूममध्ये पलंगावर टाकले. मी वाण देत होते, तेवढ्यात एका मैत्रिणीची पाच वर्षांची मुलगी जिना उतरून आली आणि माझ्यासमोर मूठ उघडली. “मावशी, ही कशाची चावी आहे?”

छोटी पितळी चावी. केबलच्या कुलपाची. मी ती त्याच कप्प्यात टिकल्यांच्या पाकिटाखाली सरकवून ठेवली होती. पोरीला टिकली हवी होती, म्हणून तिनं कप्पा उघडला होता.

पुढे काही झालं नाही. पिस्तूल रिकामं होतं, कुलूप लागलेलं होतं. पण चावी हातात घेताना माझे हात गार पडले होते. रात्री सगळ्या गेल्यावर मी त्या कप्प्यासमोर जमिनीवर बसून राहिले होते. ऑक्सफर्डच्या शाळेतल्या गोळीबाराला तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं.

ऑक्सफर्ड तुमच्या घरापासून फार लांब नाही, याच काउंटीत आहे. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतलेलं. पुढे आईवडिलांवर, जेनिफर आणि जेम्स क्रम्बली यांच्यावर, खटले चालले, तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या ज्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे केबलचं कुलूप प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेरच काढलेलं नव्हतं. आणि घरातल्या दुसऱ्या बंदुकांची जी छोटी तिजोरी होती, तिचा नंबर कारखान्यातून आला तसाच होता, ०-०-०. सरकारी वकिलांनी ज्यूरीसमोर ती केबल पिस्तुलाला लावून दाखवली, काही सेकंदांचं काम. २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मिशिगनमध्ये घटनेच्या वेळी बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा नव्हता, तरी ही शिक्षा झाली. “आमच्याकडे तसा कायदाच नाही” असं दुसऱ्या राज्यातलं कुणी म्हणालं तर मी त्यांना हेच सांगते.

आता कायदा आहे, १३ फेब्रुवारी २०२४ पासून. तुमच्या जागेत अठराखालचं मूल आहे किंवा येण्याची शक्यता आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं असेल, तर बंदूक जवळ न बाळगता ठेवून देताना एक तर ती कुलूपबंद पेटीत हवी, नाही तर रिकामी करून तिलाच कुलूप लावलेलं हवं. मुलाच्या हाती ती लागली आणि गोळी सुटून कुणी जखमी झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद, कुणी दगावलं तर पंधरा वर्षांपर्यंत. त्यातलं “येण्याची शक्यता आहे” हे नीट वाचा. माझ्या हळदीकुंकवाला आलेली ती मुलगी त्यात येते. तुमच्याकडचा गणपती, वाढदिवस, शनिवारचं भिशीचं जेवण, सगळं त्यात येतं. मॅसॅच्युसेट्स आणि ओरेगनमध्ये तर घरात मूल असो-नसो, बंदूक अंगावर किंवा ताब्यात नसेल तर कुलपातच हवी. मी घरात तोच नियम धरते. मूल कधी येणार याचा हिशेब रोज कोण ठेवणार?

केबल मुळात वाईट नाही. परवानाधारक दुकानदारानं हँडगन विकताना सोबत असं कुलूप किंवा तसंच सुरक्षेचं साधन दिलंच पाहिजे, असा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. अनेक पोलीस ठाण्यांत ती फुकटही मिळते. मॅगझिन (गोळ्यांची कांडी) काढायचं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीनंही चाचपायचं, मग केबल वरच्या खिडकीतून घालून मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढायची आणि कुलूप दाबायचं. स्लाइड बंदच होत नाही, त्यामुळे गोळी भरता येत नाही. पण केबल कापता येते. शिवाय रोज लावायचा-काढायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की ती पाकिटात परत जाते किंवा चावी टिकल्यांखाली जाते. ट्रिगरला दोन्ही बाजूंनी आवळणारं कुलूप मी कुणालाच सुचवत नाही. ते भरलेल्या पिस्तुलाला कधीही लावायचं नसतं आणि लोक नेमकं तिथेच लावतात.

ठशाच्या पेटीबद्दल सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं एका कंपनीच्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या, कारण मालकानं ठसा नोंदवला असं त्याला वाटत असताना पेटी कुणाच्याही बोटानं उघडत होती. त्यात बारा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेल्याची नोंद होती. सगळ्या ठशाच्या पेट्या तशा नसतात. तरी घेतलीच, तर मुलाचं, सासूबाईंचं, शेजारणीचं, सगळ्यांचं बोट लावून पाहा. आणि कणीक मळून आलेल्या किंवा ओल्या हातानं तुमची स्वतःची पेटी उघडते का, तेही पाहा. माझी उघडली नाही, मी परत केली.

आता आमच्याकडे पाच बटणांची यांत्रिक पेटी आहे, जाड पत्र्याची, बॅटरी नसलेली. मला अडीचशे डॉलर पडले. ती कपाटाच्या तळाला आतून बोल्टनं घट्ट केलीय, नाहीतर पेटी उचलून नेणं चोरालाही सोपं आणि पोरालाही. नंबर पहिल्याच दिवशी बदला. वाढदिवस, लग्नाची तारीख, घर नंबर, फोनचा पासकोड यातलं काही नको. चौदा वर्षांच्या मुलाला हे सगळं पाठ असतं. पेटीला जादा चावी असेल तर ती घरात नको. माझी ऑफिसच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये आहे.

गोळ्या वेगळ्या, दुसऱ्या कुलपात. माझे आजोबा भोरकडचे. रानडुकरं भाताची नासाडी करायची म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, एरवी नळ्या वेगळ्या करून ट्रंकेत. काडतुसं मात्र आजीकडे, देवघराच्या फडताळात, किल्ली तिच्या कमरेला. आजोबांना बंदूक काढायची तर आधी आजीला सांगावं लागायचं. तुम्हीही दोघांत असं वाटून घेऊ शकता: पेटीचा नंबर दोघांना, गोळ्यांची किल्ली एकाकडे.

तुमच्या मुलाबद्दल स्पष्ट बोलते. सहा वर्षांची मुलगी चुकून हात लावेल ही भीती आपल्याला लगेच कळते. चौदाव्या वर्षाची भीती वेगळी. या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि बंदुकीनं केलेले असे दहापैकी जवळपास नऊ प्रयत्न जीव घेऊनच थांबतात. त्या वयातली अशी लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत मधे एक कुलूप असलं, तर पोर वाचतं. तुमचा मुलगा हसरा, अभ्यासू असेल, असू दे. पण तो गप्प झाला, मित्र तुटले, झोप उडाली, तर नंबर बदलणं पुरेसं नाही. पिस्तूल काही काळ घराबाहेर काढा. काही दुकानं आणि रेंज सांभाळायला घेतात, आधी फोन करून विचारा. आणि ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं, त्याच्याही फोनमध्ये असू दे.

सासू-सासऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्यानं बंदूक जवळ बाळगायला एरवी मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, ते त्यांना लागू व्हायचे नाहीत. एच-वन (नोकरी), एच-फोर (त्यांचं कुटुंब), एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनाही हीच मनाई. म्हणून “आम्ही कामावर असताना असू दे” म्हणून नंबर त्यांना देऊ नका. पण पेटी आहे आणि ती उघडायची नाही, हे आल्याआल्या सांगा. नाहीतर सासूबाई कपाट आवरायला घेतील आणि किल्ली कुठाय म्हणून नातवालाच विचारतील.

मिस्टर म्हणतील, कुलूप उघडेपर्यंत चोर डोक्याशी येईल. माझ्या नवऱ्याचंही हेच म्हणणं होतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वॉशिंग्टन डीसीचा नियम रद्द केला, तो याच कारणानं: बंदूक सतत सुटी करून किंवा ट्रिगरला कुलूप लावून ठेवायची, तर घरात स्वसंरक्षण करणारच कसं? मिशिगनचा कायदा तसा नाही. अंगावर असलेल्या पिस्तुलाला तो कुलूप लावायला सांगत नाही, जवळ न बाळगता ठेवून दिलेल्याला सांगतो. नवऱ्याला मी घड्याळ लावून दाखवलं. महिनाभर रोज रात्री दिवा मालवून, पिस्तूल बाहेर ठेवून, रिकामी पेटी उघडायचा सराव केला. पहिल्या दिवशी वीस सेकंद लागले, शेवटी चार. मिस्टरांनाही करायला सांगा.

पेटी येईपर्यंत केबल आज रात्रीच लावा, आणि चावी तुमच्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवून स्वतःजवळ ठेवा. आणि मुलगी कुणाकडे खेळायला जाणार असेल तर अ‍ॅलर्जीबद्दल सांगताना सरळ विचारा: “तुमच्याकडे बंदूक आहे का? कुलपात असते ना?” मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा जीभ अडखळली होती. समोरची बाई म्हणाली, “बरं झालं विचारलंत, थांबा, बघून येते.” ती वर गेली आणि बऱ्याच वेळानं खाली आली.