जलरंगात फुले रंगवताना मास्किंग फ्लुइड काढले की कागद का फाटतो आणि कडा कठीण का दिसतात?

आपण लिहिले आहे की लाल जास्वंदीचे पुंकेसर पांढरे राखण्यासाठी मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदाचा भाग झाकणारा द्रव) लावले, चित्र चार दिवसांनी पूर्ण करून ते काढायला घेतले तेव्हा पाकळीजवळ दोन ठिकाणी कागदाचा पापुद्राच निघून आला, आणि जिथे ते नीट निघाले तिथे पुंकेसर वरून चिकटवल्यासारखे दिसू लागले. मी बरीच वर्षे फुलेच रंगवतो आणि या दोन्ही अडचणींतून गेलो आहे. त्यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचारही वेगवेगळा करावा लागेल.

पापुद्रा निघण्याचा दोष बहुधा फ्लुइडचा नसतो. तो कागदाचा आणि लोटलेल्या दिवसांचा असतो. मास्किंग फ्लुइड म्हणजे मुख्यतः रबराच्या झाडाचा चीक. तो बाटलीत गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो, आणि झाकण उघडल्यावर येणारा उग्र वास त्याचाच. हा चीक कागदावर वाळला की त्याची लवचिक साय होते, आणि खालच्या कागदाला चांगली खळ (ओल चटकन आत शोषली जाऊ नये म्हणून दिलेला लेप) असेल तर ती साय वरच्यावर राहते. जलरंगाच्या बऱ्याच चांगल्या कागदांना बाहेरून जिलेटिनची खळ दिलेली असते. ही खळ कमी असेल किंवा जुनेपणामुळे आणि दमट हवेमुळे कमकुवत झाली असेल, तर चीक कागदाच्या तंतूंत उतरतो आणि काढताना तंतूंना घेऊनच वर येतो. मऊ हातकागदावर हे मी अनेकदा पाहिले आहे. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) आहे एवढ्याने खात्री होत नाही, कारण जाडी आणि खळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून नवा कागद आणला की त्याच्या कोपऱ्यावर बोटभर फ्लुइड लावून, चित्राला जितका वेळ लागणार आहे तितका वेळ ठेवून, मग ते काढून पाहावे. हा खटाटोप कंटाळवाणा वाटतो, पण दोन दिवसांचे काम वाया जाण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

चार दिवस हा काळ माझ्या मते जास्त आहे. मी सकाळी लावलेले फ्लुइड शक्यतो त्याच दिवशी काढतो, फार तर दुसऱ्या दिवशी. ऊन आणि गरम हवा यांनी चीक कागदाला अधिक घट्ट धरतो. एकदा मे महिन्यात अनंताच्या फुलाचे चित्र मी खिडकीशी तसेच ठेवून गावी गेलो. आठवड्याने परतलो तेव्हा पाकळ्यांवरची साय तपकिरी आणि चिवट झाली होती, आणि कागद खरवडल्याशिवाय ती निघाली नाही. हेअर ड्रायरने रंग वाळवण्याची सवय असेल तर फ्लुइड लावलेल्या चित्रापुरती ती बाजूला ठेवावी. उलट बाजूने, कागद ओला असताना घाई करणेही तितकेच घातक आहे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, कागद वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. हाताची पालथी बाजू कागदाला लावून पाहावी, गार लागला तर आणखी थांबावे. काढण्याआधी फ्लुइडवर उरलेले रंगाचे थेंब टिशूने टिपून घ्यावेत, नाहीतर तेच पांढऱ्या जागेवर पसरतात. नंतर साय वर ओढू नये; स्वच्छ बोटाने किंवा क्रेप रबराने (वाळलेला चीक उचलण्याच्या खडबडीत रबरी वडीने) कडेकडून मध्याकडे हलके घासत ती गुंडाळून आणावी.

बाटली हलवू नये. हलवल्याने बुडबुडे येतात, आणि बुडबुडा फुटला तिथे सुईच्या टोकाएवढे भोक राहून त्यातून रंग आत शिरतो. बाटली जुनी होऊन अमोनिया उडून गेला की चीक तंतू-तंतू होऊन निघू लागतो; तसा झाला असेल तर फुलांसाठी तो वापरू नये. ब्रश जुना, कृत्रिम केसांचा घ्यावा, आधी ओला करून साबणाच्या वडीवर फिरवावा आणि दर दोन-तीन मिनिटांनी धुवावा. पुंकेसरांसारख्या बारीक कामाला मात्र मी ब्रशऐवजी टाक वापरतो. ज्यांना रबराच्या चिकाची अॅलर्जी आहे त्यांनी या पदार्थापासून दूरच राहावे.

आता चिकटवल्यासारख्या दिसण्याविषयी, कारण फुलाचे चित्र खरे तर इथेच बिघडते. जास्वंदीचे फूल हातात घेऊन जवळून पाहा: मधल्या दांड्यावर आखूड तंतूंच्या टोकांना पिवळे परागकोश असतात, आणि अगदी शेंड्याला पाच लाल मखमली ठिपके असतात. प्रकाशाकडचे परागकोश उजळ दिसतात, मागचे पाकळीच्या सावलीत जवळजवळ विरून जातात. आपण मात्र सगळे एकाच आकाराच्या थेंबांनी झाकतो, म्हणून फ्लुइड काढल्यावर सगळे सारखेच पांढरे आणि सारख्याच धारदार कडांचे निघतात. माझा नियम असा की पुढचे आठ-दहा परागकोश तेवढे झाकावेत, तेही लहानमोठे, आणि मागचे रंगातच सोडून द्यावेत. फ्लुइड काढल्यावर स्वच्छ ओलसर ब्रशने सावलीकडची कड हलकेच चोळून विरघळवावी, आधी फिकट पिवळा द्यावा आणि तो वाळल्यावर खालच्या बाजूला थोडा गडद पिवळा. पाकळीची कड, मोगऱ्याची किंवा तगरीची पांढरी पाकळी यांसाठी फ्लुइड लावूच नये असे माझे ठाम मत आहे. तिथे भोवतीची हिरवी सावली रंगवत पाकळी मोकळी सोडली की कड कुठे तीक्ष्ण, कुठे हरवलेली अशी राहते, आणि ती जिवंतपणाची खूण चिकाच्या सायीने मिळत नाही.

आपल्या हातातले चित्र टाकून देऊ नका. फाटलेल्या दोन जागा पूर्ण कोरड्या झाल्यावर वर उभे राहिलेले तंतू नखाने ओढू नका. त्यांवर गुळगुळीत कागद ठेवून चमच्याच्या पाठीने ते दाबून बसवा. तिथली खळ गेलेली असल्यामुळे ती जागा रंग अधिक शोषते आणि आजूबाजूपेक्षा काळसर दिसते, म्हणून पातळ ओला वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) न देता जवळजवळ कोरड्या ब्रशने, अपेक्षेपेक्षा एक छटा फिकट रंगाचे बारीक फटकारे द्या आणि प्रत्येक थर वाळू द्या. या जागा पाकळीच्या सावलीत येत असतील तर डोळ्याला त्या सहसा सापडत नाहीत.