शेवटचे ३२१ कुठे गेले?

प्रश्न : पाचवीतला नातू म्हणतो, नऊ एक शेजारी मांडून त्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतात. मी एक्सेलमध्ये करून पाहिलं, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० आले. बरोबर कोण? आणि या संख्येत आणखी काही गंमत आहे का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नातवाला पेढा द्या. एक्सेल पंधराच अंक सांभाळतं आणि ही संख्या सतरा अंकी आहे. उरलेल्या दोन घरांत ते गुपचूप शून्यं भरतं.

ही लबाडी हातानेही पकडता येते. १११११११११ मधल्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला नऊने भाग जातो. मग तिच्या वर्गालाही जायलाच हवा. नातवाच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१ येते, एक्सेलच्या उत्तरातली ७८. संपला वाद.

हा मनोरा उभा का राहतो ते शाळेतल्यासारखा गुणाकार मांडला की दिसतं. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. अगदी उजवीकडच्या घरात एकच १, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, असं करत मधल्या उभ्या रांगेत नऊ. तिथून पुढे पुन्हा उतरण. कुठेही हातचा नाही! मी हे फळ्यावर करायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची.

या संख्यांना नाव आहे : डेम्लो संख्या. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ते ठेवलं, तेही एका रेल्वे स्टेशनवरून. आजचं डोंबिवली. गाडीची वाट बघताना लोक काय काय करतात!

ती वाचायची कशी, हेही नातू विचारील. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. सतरावं ‘मध्य’. आपला पहिला १ तिथे बसतो, परार्धाच्या एकच पायरी खाली.

आता अवयव. नऊ एक म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७, म्हणून आपली संख्या ८१ × ३७² × ३३३६६७². यातली ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. हे मी ऐकून मानलं नाही. दूधवाल्याच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर भागाकार करत बसले. ५७७ पर्यंतच जावं लागतं, कारण ५७८ चा वर्ग हिच्याही पुढे जातो. तरी त्या १०६ मूळ संख्या! ३१३ ला भाग गेला म्हणून मी टाळी वाजवली, चहा टाकला, आणि मग दिसलं की वजाबाकी चुकली होती. बाकी ९ उरत होती.

नातवाला आता दहा एक घ्यायला सांगा. मधल्या रांगेत दहा जमतात, हातचा घ्यावाच लागतो आणि मनोरा ढासळतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ कुठे गेला, ते त्यालाच शोधू द्या. कागदावर. एक्सेल बंद ठेवा.