एका खुर्चीमागे किती माणसे?

प्रश्न : भारत अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी ड्रोन घेत आहे. विमानात वैमानिकच नसेल तर माणसे कमी लागायला हवीत. मग मनुष्यबळाची एवढी चिंता का? आणि त्याचा अंदाज कसा बांधतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वैमानिक विमानातून उतरून जमिनीवरच्या केबिनमध्ये बसला, एवढाच फरक झाला आहे. त्याच्या शेजारी कॅमेरा व रडार सांभाळणारा सेन्सर ऑपरेटर असतो आणि विमान आकाशात असेपर्यंत या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहून चालत नाहीत. म्हणून विमाने न मोजता अखंड गस्तीचे तास मोजावेत. वर्षाचे तास 8,760. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण आणि सराव वजा जाता एक माणूस 220 दिवस मिळाला, आणि पाळीआधी सूचना घेण्याचा व पाळी सोपवण्याचा वेळ सोडून रोज 6 तास पडद्यासमोर बसला, तर त्याचे 1,320 तास भरतात. म्हणजे एका खुर्चीला सहा-सात माणसे झाली. उड्डाण-अवतरणाचे पथक, तंत्रज्ञ आणि चित्रफितींचे विश्लेषक यांत धरलेलेच नाहीत.

अमेरिकी हवाई दलाने 2008 मध्ये प्रत्येक अखंड गस्तीमागे वैमानिक व सेन्सर ऑपरेटर यांच्या 10 जोड्या हे योग्य प्रमाण ठरवले होते, पण प्रत्यक्षात ते गाठता आले नाही. 2015 च्या सुमारास तेथे वर्षाला ड्रोनचे 300 नवे वैमानिक हवे असताना सुमारे 180 तयार होत होते आणि 240 सेवेतून बाहेर पडत होते. गस्तींची मागणी वाढली की प्रशिक्षकांनाच गस्तीवर बसवले जाई, त्यामुळे पुढच्या तुकड्या आणखी लहान होत. आजची नड भागवण्यासाठी बियाण्याचे धान्य दळायला काढावे, तसाच हा प्रकार होता.

आपल्या 31 पैकी 15 विमाने नौदलाची, तर लष्कर व हवाई दलाची प्रत्येकी 8 आहेत. समुद्रावरील टेहळणी आणि डोंगराळ सीमेवरील टेहळणी यांचे शिक्षण एकसारखे नसल्याने तिन्ही दलांची बेरीज करून एकच आकडा काढणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या नाशिकरोडच्या लष्करी विमानचालन शाळेत हेलिकॉप्टरच्या वैमानिकांबरोबर दूरनियंत्रित विमानांचे वैमानिकही घडवले जातात. अशा ठिकाणची प्रशिक्षकांची पदे आराखड्यात सर्वांत आधी धरावीत आणि गस्तीवर माणूस कमी पडला तरी त्यांना तेथून हलवू नये, असे मला कळकळीने वाटते.