बोट परवडेल, तिच्यासाठी घेतलेली गाडी नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोट आणि ट्रेलरसाठी दहा महिन्यांची बचत वेगळी काढून ठेवली आहे. घरची सात आसनी गाडी २,००० किलो ओढते असं माहितीपत्रक म्हणतं, बोटीचं वजन १,२५० किलो दिलंय. मग आहे त्याच गाडीवर भागवावं, की मोठी गाडी घ्यावी? जुनी विकूनही तिच्यासाठी वरून चौदा महिन्यांची बचत लागेल, तीही पाच वर्षांच्या कर्जाने. बोट पाण्यात उतरणार वर्षातून बारा-चौदा दिवस.

दोन्ही करू नका, असं माझं मत आहे. बोट मात्र जरूर घ्या.

आधी वजनाचं बघू, कारण पैशाची चूक इथेच सुरू होते. माहितीपत्रकातले १,२५० किलो म्हणजे बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचं वजन, आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेलं) इंजिन सोडून. तुम्ही सांगितलेलं इंजिन २१० किलोचं. टाकी १२० लिटरची, पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो, म्हणजे आणखी ८९ किलो. ट्रेलर ४००. नांगर, बॅटरी, दोर, लाइफ जॅकेटं आणि 'असू दे' म्हणून टाकलेल्या वस्तू मी ११० किलो धरतो, आणि हा अंदाज कमीच आहे. बेरीज २,०५९. मर्यादा इथेच ओलांडली.

पण खरी अडचण त्याआधीच येते, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडावर, दाबून बसतो. हा दाब एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. फार कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तुमच्या बाबतीत तो सुमारे २०६ किलो. हे वजन गाडी ओढत नाही, अंगावर वाहते, म्हणजे ते पेलोडमध्ये, गाडी स्वतःवर वाहू शकते त्या वजनात, मोजायचं. तुमच्या गाडीचं पेलोड ५४० किलो. पाच माणसं ३२०, सामान ७०, हिच २५, वर हे २०६. झाले ६२१. ओढण्याची क्षमता ठरवताना भरलेलं कुटुंब गृहीत नसतं: एसएई जे२८०७ या प्रचलित चाचणीपद्धतीत प्रत्येकी ६८ किलोची दोनच माणसं धरतात. तुमचे मेव्हणे म्हणतात, 'चाळीस किलोमीटर तर आहे, ओढेल.' ओढेल हो. प्रश्न थांबण्याचा आहे. शिवाय अपघात झालाच, तर मर्यादेबाहेरचं वजन हे विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण असतं. चढावर तापलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला तर वॉरंटीचंही तेच. गाडी घरचीच आहे म्हणून ओढणं फुकट वाटतं, पण हा धोका तुम्ही स्वतःच्या खिशातून उचलताय.

आता मोठी गाडी. वरचे चौदा महिने पाच वर्षांत निम्मे उरतील असं धरा: वर्षाला १.४ महिन्यांची बचत नुसत्या घसाऱ्यात. कर्ज दहा टक्के व्याजाचं असेल तर पाच वर्षांचं व्याज जवळपास ३.९ महिने, म्हणजे वर्षाला पाऊण महिन्याहून थोडं जास्त. दोन्ही मिळून सव्वादोनच्या जवळ, आणि यात वाढलेला विमा, महाग टायर आणि रोज ऑफिसला जाताना जळणारं जास्तीचं इंधन नाही. चौदा दिवसांच्या कामासाठी उरलेले साडेतीनशे दिवस तुम्ही मोठी गाडी पोसणार. बोट ओढताना हवेच्या अडथळ्याने पेट्रोल वाढतं, ते मात्र विसरून जा. इतक्या थोड्या दिवसांत ती रक्कम किरकोळ आहे.

तुमच्याच पत्राच्या शेवटी, जवळजवळ कंसात असल्यासारखी, एक ओळ आहे: तळ्याकाठच्या आवारात बोट ठेवायचं वर्षाचं भाडं दीड महिन्याची बचत. अहो, उत्तर तिथेच आहे! बोट काठावर राहील, तुम्ही रिकाम्या गाडीतून जाल. दुरुस्तीसाठी वर्षातून एकदोनदा हलवावी लागली तर वाहतूकवाल्याला बोलवा. जागा घेताना बोट जमिनीवर ट्रेलरवरच ठेवता येईल अशी घ्या. कायम पाण्यात राहिली तर बुडाला शेवाळ धरतं आणि ते खरवडून खास रंग देण्याचा खर्च मागे लागतो. भाड्यात रॅम्पवरून, म्हणजे काठाच्या उतारावरून, बोट पाण्यात उतरवून देणं धरलंय का, तेही विचारून घ्या.

बोट घरीच हवी, असा घरच्यांचा हट्ट असेल तर हलकी बोट बघा; सगळं धरून १,२०० किलोच्या आत. हिचवरचा दाब १२० वर येतो आणि तुमचं पेलोड ५३५ ला भागतं, जेमतेम. त्या वाटेने गेलात तर ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगसाठी दरवर्षी थोडी रक्कम ठेवा. रस्त्यावर तापलेलं चाक रॅम्पवर गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी खेचलं जातं आणि ग्रीस खराब होतं. माझ्या एका ग्राहकाने हे दोन वर्षं टाळलं. सुट्टीचा पहिला दिवस सगळं कुटुंब रस्त्याच्या कडेला बसून होतं आणि क्रेनचं बिल बेअरिंगच्या कित्येक पट आलं.

बयाणा देण्याआधी विक्रेत्याला टाकी भरून, इंजिनसकट, ट्रेलरवरची बोट वजनकाट्यावर न्यायला सांगा आणि पावती स्वतःजवळ ठेवा. काठावरच्या आवारात जागा रिकामी आहे का, हे मात्र आजच विचारा, कारण हंगाम तोंडावर आला की तिथे यादी लागते.