तुर्भ्यानंतर गाडी कुठे वळते, तेवढं लिही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नेरुळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पायथनमधल्या एका ओपन सोर्स कंटेनर लायब्ररीच्या (कंटेनर म्हणजे लिस्टसारखे, अनेक घटक एकत्र ठेवणारे प्रकार) डॉक्युमेंटेशनला हातभार लावायचा आहे, पण पानं उघडली तर सगळं आधीच लिहिलेलं दिसतं. स्पेलिंग सुधारून बऱ्याच फायलींची एकच पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्या अशी विनंती) पाठवलीस, ती मेंटेनरने, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याने, बंद केली. शिवाय इंग्रजी कच्चं असल्याची धास्ती आहे. विद्यार्थी आहेस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

सगळं लिहिलेलं वाटतं, कारण प्रत्येक फंक्शनपुढे एक ओळ असतेच. पण ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उभा असलेला नवखा माणूस आठव. समोर गाडी लागलेली असते आणि तो एवढंच विचारतो, ‘ही नेरुळला जाते की वाशीला?’ ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, इथवर दोन्ही गाड्या सारख्याच. पुढे एक सानपाड्यावरून वाशीला वळते, दुसरी जुईनगरवरून नेरुळला. चुकीच्या गाडीत बसलेल्याला ते तुर्भं गेल्यावर कळतं. कंटेनरचं अगदी तसंच असतं. शंभर-दोनशे घटक असेपर्यंत लिस्ट काय आणि डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारा कंटेनर) काय, रांग म्हणून दोन्ही चालतात. फाटा पुढे असतो, आणि तो कुठे आहे हे पानावर बहुतेक वेळा नसतं.

हे मी सोसलेलं आहे. महापेच्या एका कंपनीत असताना आमच्याकडे रांगेसाठी घरचाच एक क्लास होता, आत साधी लिस्ट. त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमध्येच दिलेल्या माहितीच्या ओळीत, लिहिलं होतं, ‘रांगेतला पहिला घटक काढून परत देतो.’ ते वाक्य मीच लिहिलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. टेस्टिंगला काही शे नोंदी असायच्या, सगळं सुरळीत. खऱ्या लोडवर रांग पाच-सहा लाखांवर गेली आणि काम रांगायला लागलं. लिस्टचा पहिला घटक काढला की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकवावे लागतात, म्हणजे प्रत्येक काढणीला लाखो घटकांची सरकवासरकव. डेक वापरला असता तर दोन्ही टोकांना घालणं-काढणं ठरावीक वेळात झालं असतं. बदल दोन ओळींचा होता, शोधायला दोन रात्री गेल्या. ‘मागचे सगळे घटक सरकतात, मोठ्या रांगेला डेक वापरा’ एवढं मी लिहिलं असतं तर ज्याने तो क्लास उचलला तो तिथेच थांबला असता.

पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये डेकबद्दल ही गोष्ट फार छान सांगितलेली आहे. दोन्ही टोकांना इंडेक्सने वाचणं ठरावीक वेळात होतं, मध्यावर मात्र लांबीच्या प्रमाणात वेळ लागतो, आणि कुठूनही झटपट वाचायचं असेल तर लिस्ट वापरा, असं तिथे साफ लिहिलंय. आपलं काय कमी पडतं ते सांगून वाचकाला दुसऱ्या कंटेनरकडे पाठवणारं डॉक्युमेंटेशन मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. रस्ट भाषेच्या कलेक्शन्सच्या, म्हणजे कंटेनरच्याच, पानावरही कोणता कंटेनर कधी घ्यावा यावर वेगळा भाग आहे. तुझ्या लायब्ररीत असं पान नसेल तर तीच तुझी जागा.

खर्चाइतकाच महत्त्वाचा दुसरा फाटा म्हणजे फिरताफिरता कंटेनर बदलला तर काय होतं. दोन, चार, सहा, सात अशी लिस्ट घे आणि फॉर लूपमध्ये सम संख्या काढत जा. शेवटी फक्त सात उरायला हवा. उरतात चार आणि सात. दोन काढला की चार त्याच्या जागी सरकतो, लूप मात्र पुढच्या जागेवर गेलेला असतो, म्हणून चारकडे कोणी बघतच नाही. एरर येत नाही, उत्तर गुपचूप चुकतं. हाच प्रकार डिक्शनरीवर (की आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणारा कंटेनर) केलास तर रनटाइम एरर येतो. एकाच भाषेतले दोन कंटेनर आणि वागणं इतकं वेगळं! तुझ्या लायब्ररीतल्या प्रत्येक कंटेनरवर हा प्रयोग करून बघ आणि जे घडलं ते पानावर आहे का शोध. माझा अंदाज, निम्म्या ठिकाणी नसेल.

पण इथे सांभाळ. आज जे घडतं ते वचन आहे की योगायोग, हे तुला एकट्याला ठरवता येणार नाही. पायथन ३.६ मध्ये डिक्शनरीची आतली मांडणी बदलली आणि घातलेला क्रम टिकायला लागला. तेव्हा डॉक्युमेंटेशनने बजावलं होतं की हा अंमलबजावणीचा भाग आहे, यावर विसंबू नका. २०१८ मध्ये ३.७ आलं तेव्हा तो भाषेचा नियम झाला. वागणं तेच, पण मधल्या काळात त्यावर विसंबणारा आपल्या जबाबदारीवर विसंबत होता. म्हणून क्रमाबद्दल काही लिहिण्याआधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची शंका-तक्रारीची नोंद) उघडून मेंटेनरला सरळ विचार: ‘हे पुढच्या आवृत्तीतही असंच राहील असं लिहू का?’ हा प्रश्न विचारणारा माणूस मेंटेनरला हवाच असतो.

बारीक कोपरेही बघ. डिफॉल्टडिक्ट हा डिक्शनरीचाच एक प्रकार. त्यात नसलेली की चौकटी कंसाने मागितली तर ती तिथल्या तिथे तयार होते. गेट या मेथडने मागितली तर तयार होत नाही, नुसतं नन, म्हणजे ‘काही नाही’, मिळतं. डेकला कमाल लांबी दिली आणि तो भरला, तर अपेंड केल्यावर, म्हणजे शेवटी घटक जोडल्यावर, समोरच्या टोकाचा घटक मुकाट्याने गळतो, पण मध्ये इन्सर्ट करायला गेलास तर इंडेक्स एरर येतो. असे कोपरे टेस्टच्या फायलींत सापडतात. रिकामा कंटेनर, भरलेला कंटेनर, एकच घटक, यांच्यासाठी लिहिलेल्या टेस्ट वाच. लेखकाला जे माहीत होतं पण पानावर आलं नाही, ते तिथे असतं. दुसरी खाण म्हणजे बंद झालेले इश्यू. एकच शंका तीन जणांनी विचारली असेल तर एक वाक्य नक्की कमी आहे.

उदाहरणं लिहिशील ती डॉक्टेस्टने (डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून उत्तर जुळतं का बघणारी सोय) चालवून बघितल्याशिवाय पाठवू नकोस. पायथनमध्ये ती सोय भाषेबरोबरच येते. एक खाच मात्र आहे: शब्दांचा सेट (एकेक घटक एकदाच ठेवणारा, क्रम न पाळणारा कंटेनर) थेट छापलास तर क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो, म्हणजे आज पास झालेलं उदाहरण उद्या फेल. सॉर्टेड करून छाप. आणि उदाहरणात अ, ब, क असली नावं नकोत, जिथे तो कंटेनर खरंच शोभतो असं काम घे. डेकसाठी ‘शेवटच्या दहा नोंदी जपणे’ पुरेसं आहे.

तुझी पुल रिक्वेस्ट बंद झाली त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. इतक्या फायली तपासायच्या म्हणजे मेंटेनरची अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती बहुधा नोकरीनंतरची असते. एक पान, एक मुद्दा, सोबत चालणारं उदाहरण, असं पाठवलंस तर वाचलं जाईल.

इंग्रजीचं म्हणशील तर लहान वाक्यं लिही. डॉक्युमेंटेशनला फुलोरा लागतच नाही. आणि तू नवीन आहेस तोवरच तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे उरलेली नाही: कुठे अडलं ते तुला अजून आठवतं. ते वहीत टिपून ठेव, आजच. दोन महिन्यांनी तुलाही सगळं उघड वाटायला लागेल.

आता लायब्ररीतला एकच कंटेनर घे, ज्याने तुला सगळ्यात जास्त छळलं तो. तो कधी घ्यावा, कधी घेऊ नये आणि फिरताना बदलला तर काय होतं, एवढा एक परिच्छेद मराठीत लिहून इथे टाक. शनिवारी मी घरीच आहे, इंग्रजी करायला आपण मिळून बसू.